आभाळातली सनद

पारोळ्याचा भुईकोट किल्ला जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी 1727च्या सुमारास बांधला असे मानतात. जहागीर सनदेने आली आणि 1857च्या उठावानंतर सरकारने ती काढून घेतली; किल्ल्याचे तटही पाडले. असली सत्ता समजायला सोपी. तिचा कागद असतो, कागदावर शिक्का असतो, कागद देणारा धनी कोण हे गावाला ठाऊक असते. संशय आला तर दप्तर काढून बघता येते. पण कोणी म्हणाला की माझी सनद देवाने दिली आहे, तर ती कोणत्या दप्तरात बघायची? आणि ती बघू द्या म्हणणाऱ्याला काय म्हणायचे, सावध माणूस की बंडखोर?

जगाच्या धर्मग्रंथांत हा प्रश्न सर्वांत उघडपणे मांडणारी एक गोष्ट बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. मिसरच्या गुलामीतून सुटून रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांपैकी कोरह, दाथान आणि अबीराम हे मोशेविरुद्ध उभे राहिले, ती ही गोष्ट. दोन हजारांहून अधिक वर्षे तिच्यावर वाद चालू आहे. ज्यू पंडितांनी तो केला, ख्रिस्ती धर्मपीठांनी केला, राज्यशास्त्रज्ञांनी केला, आणि कोकणातून गेलेल्या मराठी बोलणाऱ्या इस्राएलांवर तर तो जगण्यातच ओढवला. तो वाद आज कुठे येऊन ठेपला आहे हे इथे पाहायचे आहे.

गोष्ट काय आहे

कोरह हा लेवी वंशातला, कहाथाच्या घराण्यातला. मोशे आणि अहरोन यांचा तो सख्खा चुलतभाऊ. लेवी वंशाकडे पवित्र मंडपाची सेवा होती आणि कहाथाच्या घराण्याकडे त्यातल्या सर्वांत पवित्र वस्तू खांद्यावरून वाहून नेण्याचा मान होता. पण वेदीवर धूप जाळण्याचा अधिकार फक्त अहरोन आणि त्याच्या मुलांचा. कोरहाने अडीचशे मानकरी गोळा केले आणि दोघा भावांना विचारले की सगळी मंडळी पवित्र आहे, देव सगळ्यांमध्ये आहे, मग तुम्हीच का वर चढून बसलात?

दाथान आणि अबीराम रऊबेन वंशातले. त्यांची तक्रार वेगळी. मोशेने बोलावले तर ते आलेच नाहीत. दुधामधाच्या देशातून, म्हणजे मिसरमधून, तू आम्हाला रानात मरायला आणलेस, शेत दिले नाहीस, द्राक्षमळा दिला नाहीस, आणि वर आमच्यावर सरदारी गाजवतोस, असा त्यांचा निरोप होता. मोशे संतापला. यांचे एक गाढवसुद्धा मी कधी घेतलेले नाही, असे तो देवाला म्हणाला.

पुढे जमीन दुभंगून बंडखोरांना घरादारासह गिळते आणि धूप घेऊन आलेले अडीचशे लोक अग्नीत जळतात. दुसऱ्या दिवशी मात्र सगळी मंडळी मोशेवर उलटते: तुम्ही देवाची माणसे मारलीत. रोगाची साथ येते, 14,700 माणसे मरतात, आणि हातात धुपाटणे घेतलेला अहरोन मेलेले आणि जिवंत यांच्या मधोमध उभा राहतो तेव्हा ती थांबते. नंतर बारा वंशांच्या बारा काठ्या मंडपात ठेवल्या जातात आणि अहरोनाच्या काठीला बदामाची फुले-फळे धरतात.

या कथेतले दोन तपशील घाईत सुटतात. जळालेल्या बंडखोरांची धुपाटणी फेकून दिली नाहीत. ती पवित्र झाली म्हणून ठोकून त्यांचा पत्रा केला आणि वेदीला मढवला. आणि त्याच पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात एक छोटे वाक्य येते, त्याचा आशय असा की कोरहाची मुले मेली नाहीत.

एका बंडात किती बंडे?

कथा सावकाश वाचली की शिवण दिसू लागते. एका ठिकाणी कोरह मंडपाच्या दाराशी धुपाटणे घेऊन उभा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी तंबूंपाशी जमीन फाटते. तो नेमका कुठे मेला, जमिनीत की आगीत, हे कथा स्पष्ट सांगत नाही. ओन नावाचा एक साथीदार पहिल्या ओळीत भेटतो आणि परत कधीच दिसत नाही. ‘अनुवाद’ पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात या घटनेची आठवण काढली आहे तिथे फक्त दाथान आणि अबीराम आहेत, कोरहाचे नाव नाही. 106व्या स्तोत्रातही तसेच.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांनी, विशेषतः अब्राहम क्यूनेन आणि यूलियस वेलहाउझेन यांनी, यावरून निष्कर्ष काढला की इथे वेगवेगळ्या काळच्या गोष्टी गुंफल्या आहेत. दाथान-अबीराम यांची गोष्ट जुनी. ती मोशेच्या सत्तेविरुद्धची. कोरहाची गोष्ट नंतरची, पुरोहित वर्गाने लिहिलेली, आणि तिचा रोख अहरोनाच्या घराण्याच्या एकाधिकारावर आहे. जेकब मिलग्रोम यांनी 1990च्या भाष्यात चार वेगळी बंडे मोजली: लेवींचे अहरोनाविरुद्ध, दाथान-अबीरामांचे मोशेविरुद्ध, मानकऱ्यांचे अहरोनाविरुद्ध, आणि शेवटी साऱ्या मंडळीचे दोघांविरुद्ध.

याच दिशेने पुढे जाणारे म्हणतात की ही रानातली हकीकत नव्हेच. यरुशलेमच्या मंदिरात पुरोहित घराण्यांमध्ये जो मानाचा झगडा झाला त्याची ती पाठीमागे नेऊन बसवलेली कहाणी आहे. आधार असा की ‘इतिहास’ या पुस्तकांत कोरहाचे वंशज मंदिराचे द्वारपाल आणि गायक म्हणून भेटतात, पुरोहित म्हणून नाही. आराद इथल्या उत्खननात सापडलेल्या एका खापरावरच्या यादीत ‘कोरहाची मुले’ असा उल्लेख आहे. म्हणजे असे घराणे खरोखर होते, इतके तरी म्हणता येते. उलट, सीनायच्या वाळवंटात लाखो लोक चाळीस वर्षे राहिल्याची खूण उत्खननात मिळालेली नाही. इस्राएल या नावाचा सर्वांत जुना कोरीव उल्लेख मर्नेप्ताह या मिसरी राजाच्या शिलालेखात, इ.स.पू. 1208च्या सुमाराचा आहे आणि तो कनानमधल्या लोकांचा आहे.

परंपरेने वाचणाऱ्यांना ही चिरफाड मान्य नाही, आणि केवळ श्रद्धेपोटी नाही. रॉबर्ट ऑल्टर यांनी 1981 साली साहित्याच्या अंगाने दाखवून दिले की धागे निरनिराळे असले तरी ते जाणूनबुजून एकत्र विणलेले असू शकतात. पुरोहितपदाची मागणी आणि सत्तेची मागणी एकमेकींत मिसळते हेच लेखकाला सांगायचे असेल.

मला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. दोन तक्रारी एकत्र आल्या की मोठ्या आवाजाची ऐकू येते. कोरहाचा प्रश्न गाभाऱ्याचा आहे, आणि त्याला उत्तर मिळाले: बदामाची फुले धरलेली काठी. दाथानाचा प्रश्न जमिनीचा आहे. कबूल केलेले शेत कुठे आहे? मोशेचे उत्तर आहे की मी कोणाचे गाढव घेतले नाही. हे प्रामाणिकपणाचे उत्तर आहे, पण विचारले होते ते हे नव्हे. पाऊस येईल, पाणी येईल, कॅनॉल येईल या आश्वासनांवर पिढ्या काढलेल्या खानदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा फरक सांगावा लागणार नाही. पुढाऱ्याने पैसे खाल्ले नाहीत हे चांगलेच, पण पाटात पाणी नाही ते नाहीच. दोन हजार वर्षांचे बहुतेक भाष्य कोरहावर आहे. दाथान त्याच्या सावलीत राहिला.

जुने भाष्यकार: भाऊबंदकी की तत्त्व?

ज्यू परंपरेचा निकाल मिश्नामधल्या ‘आवोत’ या भागात आहे. तिथे वादांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक देवाखातर केलेला, त्याचा नमुना हिल्लेल आणि शम्मई यांचा. दुसरा देवाखातर न केलेला, त्याचा नमुना कोरह आणि त्याची टोळी. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की वाद करणे इथे दोष मानलेले नाही. हिल्लेल आणि शम्मई आयुष्यभर भांडले आणि दोघांच्या शाळांची मते जपली गेली. दोष आहे तो हेतूचा.

मग कोरहाचा हेतू काय? अकराव्या शतकातला भाष्यकार राशी जुन्या कथांच्या आधारे सांगतो की घराण्याचे प्रमुखपद धाकट्या चुलत्याच्या मुलाला, एलीसाफानाला मिळाले आणि ते कोरहाच्या मनाला लागले. म्हणजे निव्वळ भाऊबंदकी. रऊबेन वंश त्यात कसा आला? तर रऊबेनांचा तळ दक्षिणेला होता आणि कहाथ घराण्याचाही तिकडेच. ढवळ्याशेजारी पोवळा बांधला, तसे.

पण त्याच परंपरेतल्या रब्बींनी कोरहाच्या तोंडी घातलेले युक्तिवाद बघितले तर ते त्याला हलके लेखत नव्हते हे कळते. संपूर्ण निळ्या वस्त्राला निळा गोंडा लावायची गरज काय? धर्मग्रंथांनी भरलेल्या घराच्या चौकटीला वचनाची पट्टी हवीच का? मिद्राशमध्ये तर कोरह एका विधवेची गोष्ट सांगतो. तिला दोन मुली आणि एक शेत. नांगरायला गेली तर मोशे म्हणतो बैल आणि गाढव एका जुवाला जुंपू नको. पेरायला गेली तर दोन जातींचे बी मिसळू नको. कापणीला गेली तर सांडलेले, विसरलेले आणि कोपऱ्यातले पीक गरिबांना सोड. खळ्यावर आली तर दशमांश दे. कंटाळून शेत विकून दोन मेंढ्या घेतल्या, तर पहिले कोकरू अहरोन नेतो, पहिली लोकरही तोच नेतो. मेंढ्या कापल्या तर खांदा, जबडा आणि कोठा त्याचा. शेवटी ती म्हणते हे सगळे देवाला वाहिले. तर सगळेच अहरोन उचलतो. विधवा दोन मुलींना जवळ घेऊन रडते. बंडखोराला खोटा ठरवणाऱ्या ग्रंथात त्याची बाजू इतक्या ताकदीने मांडलेली असावी, याचा अर्थ ती तक्रार सांगणाऱ्यांच्याही आसपास ऐकू येत होती.

शिक्षेबद्दलही एकमत नव्हते. कोरहाची टोळी मेलेल्यांतून पुन्हा उठणार नाही असे रब्बी अकिवा म्हणतो, उठेल असे रब्बी एलिएझर. बंड केव्हा झाले यावर इब्न एज्रा आणि रांबान यांचा मतभेद आहे. बाराव्या शतकातला इब्न एज्रा ते सीनायजवळ घडले असे धरतो, जेव्हा थोरल्या मुलांची सेवा काढून लेवींना दिली गेली. तेराव्या शतकातला रांबान घटनाक्रम आहे तसाच ठेवतो. कनान पाहायला पाठवलेले हेर परतल्यावर ही पिढी रानातच मरणार असे ठरले, तोवर मोशेवर कोणी हात टाकू धजले नसते. आशा संपली तेव्हा कोरहाला ऐकणारे मिळाले, असे तो म्हणतो. समाज कधी पेटतो याचे हे निरीक्षण आजच्या कोणत्याही समाजशास्त्रज्ञाने करावे इतके नेमके आहे.

इस्लामी परंपरेत हाच कोरह कारून होतो. कुराणाच्या अठ्ठाविसाव्या सूरेत तो मोशेच्या, म्हणजे मूसाच्या कौमातला आहे, त्याच्या खजिन्याच्या किल्ल्या उचलायला धट्टेकट्टे लोक लागतात, आणि गर्वापायी तो घरासह जमिनीत गडप होतो. पुरोहितपदाचा मुद्दा तिथे नाही. मुद्दा संपत्तीच्या उन्मादाचा आहे. किल्ल्यांचे ओझे तालमूदमध्येही आहे. खानदेशात कारूनचा खजिना हा शब्दप्रयोग ऐकलेल्या अनेकांना तो माणूस मोशेचा चुलतभाऊ होता हे माहीत नसते.

गादीवरचे लोक आणि तत्त्वज्ञ

सत्ताधाऱ्यांना ही गोष्ट फार सोयीची वाटली. रोमच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये बोत्तिचेल्लीने 1481-82मध्ये कोरहाच्या शिक्षेचे भित्तिचित्र काढले. समोरच्या भिंतीवर पेरुजीनोचे चित्र आहे, ज्यात येशू पेत्राला किल्ल्या देतो. पोपच्या अधिकाराला आव्हान देऊ पाहणाऱ्या धर्मसभांच्या त्या काळात या दोन चित्रांचा जोड अर्थ कोणालाही कळत होता.

हॉब्जने 1651 साली ‘लेव्हायथन’मध्ये मोशेची बाजू घेतली, पण स्वतःच्या कारणाने. देव काय म्हणाला हे सांगण्याचा अधिकार एकाच जागी असला पाहिजे, नाहीतर प्रत्येक जण आपला देव घेऊन उठेल. आणि मोशेची ती जागा आज सार्वभौम राजाची. स्पिनोझाने 1670मध्ये याच्या उलट वाचन केले. पूर्वी प्रत्येक घरचा थोरला मुलगा देवाची सेवा करी. लोकांनी सोन्याच्या वासराची पूजा केली त्या प्रकरणानंतर ती सेवा एकाच वंशाला दिली, त्यांना पोसण्याचा भार बाकीच्यांवर टाकला, आणि वरचे पद मोशेच्या सख्ख्या भावाकडे गेले. सुगीत हे चालून जाते, तंगीत लोक हिशेब मागतात. स्पिनोझाच्या दृष्टीने बंडाचे बी राज्यघटनेतच होते.

पवित्र आहे, की व्हायचे आहे?

विसाव्या शतकात वादाचे केंद्र हेतूवरून शब्दावर आले. मार्टिन बूबर यांनी मोशेवरच्या पुस्तकात म्हटले की कोरह पावित्र्य हे मिळून गेलेले धन समजतो, मोशेसाठी ते रोज करायचे काम आहे. येशायाहू लाइबोविट्झ यांनी याला पाठातलाच आधार दाखवला. कोरहाच्या बंडाच्या लगेच आधी वस्त्राला गोंडा लावण्याच्या आज्ञेत लोकांना पवित्र व्हायला सांगितले आहे. कोरह म्हणतो ते आहेतच. आम्ही श्रेष्ठ आहोत असे म्हणणाऱ्या प्रत्येक राष्ट्रवादात लाइबोविट्झ यांना कोरह दिसत होता. इस्रायलमध्ये राहून, आपल्याच लोकांना ते हे सुनावत होते.

हे वाचन देखणे आहे. तरी मला त्यात एक अडचण दिसते. कोरहाने पावित्र्याचा दावा समानतेसाठी केला, आणि उत्तर समानतेबद्दल न देता पावित्र्याच्या व्याख्येबद्दल दिले. शिवाय ‘निर्गम’च्या एकोणिसाव्या अध्यायात साऱ्या लोकांचे याजकांचे राज्य होईल असे आश्वासन आहेच. आणि ‘गणना’च्या अकराव्या अध्यायात एल्दाद आणि मेदाद हे दोघे तळावरच अंगात संचार होऊन बोलू लागतात, यहोशवा त्यांना थांबवा म्हणतो तेव्हा मोशे म्हणतो, देवाचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरे. पाच अध्यायांच्या अंतरात मोशेचा हा उद्गार आणि कोरहाचा प्रश्न एकमेकांकडे बघत उभे आहेत.

राजकीय अंगाने वाचणाऱ्यांत लिंकन स्टेफन्स यांनी 1926 साली मोशेला क्रांतिकारक नेता मानले आणि दडपशाही ही क्रांतीची गरज ठरवली. मायकेल वॉल्झर यांनी 1985मध्ये हे नाकारले. चाळीस वर्षांचा प्रवास म्हणजे गुलामांना हळूहळू नागरिक बनवण्याचे शिक्षण, असे त्यांचे म्हणणे. आरन विल्डाव्हस्की यांनी 1984मध्ये मोशेच्या नेतृत्वाचाच अभ्यास केला, आणि नेत्याने आपल्यावाचून चालेल असे लोक घडवावेत हा त्यातला धडा मानला.

मोशेची बहीण मिर्याम हिची गोष्ट याच मालिकेतली. ‘गणना’च्या बाराव्या अध्यायात ती आणि अहरोन विचारतात, देव फक्त मोशेशीच बोलला काय? मिर्यामला कोड फुटते, सात दिवस तळाबाहेर काढतात. अहरोनाला काहीच होत नाही. फिलिस ट्रिबल आणि इतर स्त्रीवादी अभ्यासकांनी दाखवून दिले की मिर्याम स्वतः संदेष्टी म्हणवली गेलेली होती आणि ती परत येईपर्यंत सगळी मंडळी मुक्काम हलवत नाही. बंड दोघांनी केले, शिक्षा एकीला. याचे समाधानकारक उत्तर परंपरेने दिलेले मला आढळले नाही.

मराठी इस्राएलांची मंडळी

या कथेचे मराठीशी नाते भाषांतरापुरते नाही. फादर स्टीफन्स यांच्या 1616च्या ख्रिस्तपुराणाचा पहिला भाग जुन्या कराराच्या कथा ओवीत सांगतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली बाहेर आले. पण ज्यांची ती पूर्वजांची कथा आहे असे लोकही मराठी बोलत होते: कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’.

त्यांच्याकडे देवळातले पुरोहित नव्हते. होते ते काजी. परंपरा सांगते की दावीद रहाबी या परक्या ज्यूने त्यांना ओळखले, धर्म शिकवला आणि झिराड, राजपूर, शापूर इथल्या तीन घराण्यांत काजीपद दिले. पुढे ते वंशपरंपरेने चालले. लग्न, सुंता, भांडणतंटा, सगळे त्यांच्यापुढे. 1796मध्ये समाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, नंतर कोचीनचे शिक्षक आले, जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण दिले. पोथी स्वतः वाचता येऊ लागली तसा काजींचा अधिकार विरत गेला. कोणी बंड केले नाही, जमीन फाटली नाही. 1880च्या सुमारास तर याच समाजाने बायबलच्या कथा टाळ-वीण्यावर कीर्तनात उभ्या केल्या.

बंडाची वेळ इस्रायलमध्ये आली. तिथे गेलेल्या काही बेने इस्राएलांनी 1951-52मध्ये भेदभावाला कंटाळून धरणे धरले आणि परत भारतात पाठवा अशी मागणी केली. शंभरावर लोक परतलेही. ‘गणना’च्या चौदाव्या अध्यायात लोक म्हणतात, दुसरा पुढारी करू आणि मिसरला परत जाऊ. तो अध्याय माहीत असलेल्या समाजाने ही मागणी केली, हे विसरता येत नाही. त्यातले बरेच जण नंतर पुन्हा इस्रायलला गेले.

1962 साली मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिली की बेने इस्राएल वधूवरांच्या आईकडच्या पिढ्या तपासाव्यात. शतकानुशतके शनिवार पाळलेल्या लोकांकडे ज्यू असण्याची सनद मागितली गेली. 1964च्या उन्हाळ्यात ते यरुशलेममध्ये आंदोलनाला बसले. 17 ऑगस्टला इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, ठराव केला की सरकार त्यांना सर्व बाबतींत ज्यू मानते, आणि महिनाअखेर धर्मपीठाने सूचनेतून त्यांचे नाव काढून वंशाबद्दल संशय असलेला कोणीही अशी शब्दरचना केली.

या लढ्याला कोरहाचे बंड म्हणावे का? धर्मपीठाची बाजू होती की वंशशुद्धीचे नियम त्यांनी बनवलेले नाहीत, ते पाळणे त्यांचे कर्तव्य आहे. आंदोलकांनी रब्बींचा अधिकार नाकारला नव्हता, गाभाऱ्यातली जागाही मागितली नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच की आम्ही मंडळीत आहोत. कोरहाच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांनी उच्चारला, दुसरा नाही. ज्यू अभ्यासकांच्या चर्चेत हा दाखला यायला हवा तितका येत नाही असे मला वाटते.

पंढरपूरचा आरसा

मराठी वाचक ही कथा वाचताना पंढरपूरकडे वळणे साहजिक आहे. आमच्या शेजारच्या अमळनेरला पूर्वी शिक्षक असलेले साने गुरुजी 1947च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात दहा दिवस उपोषणाला बसले आणि दार उघडले. तिथल्या पुजारी बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क 1973च्या कायद्याने संपले. त्यावरची न्यायालयीन लढाई सर्वोच्च न्यायालयात जानेवारी 2014मध्ये मिटली. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणातही प्रश्न तोच होता, विधी कोणाच्या अधिकाराने.

साम्य आहे तसा फरकही आहे. कोरह स्वतः मानकरी होता, बाहेर ठेवलेला नव्हता. गुरुजींनी स्वतःसाठी काही मागितले नाही. मिश्नाच्या कसोटीवर तो वाद देवाखातर केलेला ठरतो. आणि इथे निर्णय भूकंपाने झाला नाही. कायद्याने, मतपरिवर्तनाने आणि एका माणसाने उपाशी राहून झाला.

जे सुटलेले नाही

पहिली गाठ पुराव्याची. ‘गणना’त सनद चमत्काराने सिद्ध होते. पण ‘अनुवाद’चा तेरावा अध्याय सांगतो की एखाद्याने चिन्ह दाखवले आणि ते खरेही झाले, तरी तो भलतीकडे नेत असेल तर ऐकू नका. म्हणजे चमत्कार हा पुरावा पुरेसा नाही. मग पुरेसे काय? जुनी उत्तरे चारित्र्याकडे बोट दाखवतात: मोशे नम्र होता, त्याने गाढव घेतले नाही, स्वतः चुकला तेव्हा त्यालाही कनानचे दार बंद झाले. अभ्यासकांचे यावर एकमत नाही.

दुसरी गाठ अशी की याच ग्रंथात काही बंडांना देवाची संमती आहे. राजा शौल हातात सापडूनही अभिषिक्तावर हात टाकायचा नाही म्हणून दावीद त्याला सोडतो. पण शलमोन राजाच्या हयातीतच अहीया संदेष्टा आपला नवा झगा फाडून बारा तुकडे करतो आणि त्यातले दहा यराबामाला देतो. राज्य फुटते ते संदेष्ट्याच्या शब्दाने. कोणते बंड कोरहाचे आणि कोणते यराबामाचे, हे त्या दिवशी तळावर उभ्या असलेल्या माणसाने कसे ओळखावे?

तिसरी गाठ दाथानाची, आणि ती अजून कोणी नीट हातात घेतलेली नाही.

शेवटची कोरहाच्या मुलांची. स्तोत्रसंहितेतल्या अकरा स्तोत्रांच्या शीर्षकांत त्यांचे नाव आहे. राजांना अभिषेक करणारा शमुवेल हा ‘इतिहास’ पुस्तकांतल्या वंशावळीत कोरहाचाच वंशज. त्या अकरांपैकी चौऱ्याऐंशीव्या स्तोत्रात गाणारा म्हणतो की दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या घराच्या उंबऱ्याशी उभे राहणे मला बरे. काही अभ्यासक यात बापाच्या गर्वाचे प्रायश्चित्त वाचतात. काहींना ती गाभाऱ्यातून कायमचे बाहेर ठेवलेल्या द्वारपालांची, आतून दुखणारी ओळ वाटते. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराशी, नामदेव पायरीसमोर आहे, आणि त्यांच्या अभंगांबद्दल आपल्याकडेही नेमका हाच वाद चालू आहे.